सनफिश अर्धवट मासा आहे का? : मोलिडी कुलाविषयी एका शिक्षिकेच्या प्रश्नांना उत्तर

सातवीच्या मुलांना घेऊन आपण वडोदऱ्याच्या कमाटीबागेतील (म्हणजेच सयाजीबागेतील) संग्रहालयात गेला होता आणि देवमाशाचा सांगाडा पाहून परतताना एका मुलाने मोबाइलवर सनफिश या अवाढव्य समुद्री माशाचे चित्र दाखवून तीन प्रश्न विचारले, असे आपण कळवले आहे. या माशाला शेपूट का नाही, त्याच्या कुळात आणखी कोण आहेत आणि देवमाशासारखा त्याचा सांगाडा संग्रहालयात का नसतो, हे ते प्रश्न. शिवाय हा मासा म्हणजे निसर्गाची चूक आहे, तो निरुपयोगी आणि मूर्ख आहे, असा मजकूर मुलांच्या वाचनात आला असून तो खरा मानावा का, हेही आपण विचारले आहे. वडोदऱ्यात तीस वर्षांहून अधिक काळ मी प्राणिशास्त्र शिकवले आणि त्यातला बराच वेळ माशांची शरीररचना समजावून देण्यात गेला. त्या आधारावर सुरुवातीलाच सांगतो, की सनफिश अर्धवट नाही. एका अगदी वेगळ्या बांध्याच्या पूर्वजाकडून मिळालेल्या शरीरात जुने अवयव काढून, उरलेल्यांना नवी कामे लावून तो घडलेला आहे, आणि हे एकदा ध्यानात आले की त्याच्या बहुतेक विचित्र गोष्टींचा उलगडा होतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. अमेरिकेतील नद्या-तळ्यांत सनफिश नावाचे छोटे मासे असतात, त्यांचा या माशाशी काहीही संबंध नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा पडून ऊन खाताना दिसतो म्हणून इंग्रजीत हा सूर्याचा मासा झाला, तर वाटोळ्या आकारामुळे फ्रेंच आणि जर्मन भाषांत तो चंद्राचा मासा आहे. शास्त्रीय नाव ‘मोला’ लॅटिन असून त्याचा अर्थ जात्याची तळी. ज्यांच्या घरी माळ्यावर अजून आजीचे जाते पडलेले आहे त्यांना हे नाव सर्वांत नेमके वाटेल, कारण तोच करडा रंग, तोच खरबरीतपणा आणि तीच जाड वाटोळी कड या माशाला आहे.

त्याचे कुल मोलिडी आणि गण टेट्राओडॉन्टिफॉर्मिस. याच गणात फुगणारा केंड, अंगभर काटे असलेला साळिंदर मासा, पेटीमासा आणि ट्रिगरफिश येतात. कोकणातून आलेल्या घरांत केंड हा शब्द ठाऊक असेल. जाळ्यात आला की चेंडूसारखा फुगतो आणि विषारी म्हणून फेकून दिला जातो, तोच हा केंड. १७५८ मध्ये लिनियसने सनफिशला केंडाच्याच प्रजातीत (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) घालून ‘टेट्राओडॉन मोला’ असे नाव दिले होते. टेट्राओडॉन म्हणजे चार दातांचा, कारण केंडाचे दात एकमेकांत मिसळून प्रत्येक जबड्यात दोन अशा चार पट्ट्या होतात. सनफिशमध्ये मधली शिवणही उरत नाही आणि वरखाली एकेक अखंड पट्टी मिळून पोपटासारखी चोच तयार होते. पुढे स्वतंत्र कुल झाले, तरी लिनियसची नजर नात्याच्या बाबतीत चुकली नव्हती. २०१६ मध्ये सनफिशचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, त्यातून केंड आणि सनफिश यांच्या वाटा सुमारे ६.८ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्याचा अंदाज निघाला.

हे नाते महत्त्वाचे का, ते सांगतो. केंड आणि त्याचे भाईबंद मुळात प्रवाळखडकांच्या आसपास, किनाऱ्यालगत वावरणारे मासे आहेत. त्यांचे अंग ताठ असते. सुरमई किंवा बांगडा जसा सगळे शरीर आणि शेपूट डावीकडे-उजवीकडे मारत पोहतो, तसे ते पोहत नाहीत, तर पाठीवरचा आणि पोटाखालचा पर हलवून सावकाश पुढे सरकतात. असे ताठ अंगाचे घराणे किनारा सोडून अथांग समुद्रात उतरले तर त्याला वळवळत पोहण्याची जुनी पद्धत पुन्हा उचलता येत नाही. जे दोन पर उरले आहेत त्यांच्यावरच सारा भार टाकावा लागतो. सनफिशने तेच केले.

मी प्रत्यक्ष हाताळलेला एकमेव मोठा सनफिश वेरावळ बंदरावरचा. विद्यार्थ्यांना घेऊन मी गेलो होतो आणि पहाटे एका होडीतून इतर मासळीबरोबर तो उतरवला गेला. लांबी माझ्या छातीपर्यंत भरेल एवढी. खलाशांना त्याचा काहीच उपयोग नसल्याने तो धक्क्याच्या कडेला टाकून दिलेला होता आणि तो कापून पाहण्याची परवानगी लगेच मिळाली. कातडीवर तळवा फिरवताच काचकागदावर हात घासल्यासारखे झाले, कारण सामान्य खवल्यांऐवजी तिथे बारीक टोकदार दाणे असतात. सुरी आत जाईना. कातडीखाली हाड किंवा मांस लागेल अशी मुलांची कल्पना होती, पण निघाला पांढरा, दाट, लवचीक थर, जाड शहाळ्याच्या मलईसारखा, आणि तो बोटभर खोल कापल्यावरही संपत नव्हता. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, यात मासा कुठे आहे?’’ तिचा प्रश्न थट्टेचा असला तरी नेमका होता.

तो थर या माशाच्या तरंगण्याचे साधन आहे. बहुसंख्य हाडांच्या माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात, आणि तिच्यातील हवा कमीजास्त करून मासा पाण्यात स्थिर राहतो. प्रौढ सनफिशमध्ये ती पिशवी नाही. तिच्याऐवजी कातडीखालचा हा लवचीक थर समुद्राच्या पाण्यापेक्षा थोडा हलका असल्याने माशाला उचलून धरतो. यात एक मोठा फायदा आहे. हवेची पिशवी खोल पाण्याच्या दाबाने आक्रसते, वर येताना फुगते, आणि झपाट्याने वरखाली करणाऱ्या माशाला ती अडचणीची ठरते. हा थर मात्र दाबाने जवळजवळ दबत नाही, त्यामुळे पृष्ठभागावर काय आणि शेकडो मीटर खाली काय, माशाचा तोल तोच राहतो. सनफिश दिवसात अनेकदा अशा फेऱ्या मारतो आणि ८०० मीटरपेक्षा खोल गेल्याच्याही नोंदी आहेत.

आता शेपटीकडे वळू, कारण मुलांचा मुख्य प्रश्न तोच आहे. सनफिशच्या मागच्या कडेला जो नागमोडी, रबरासारखा पट्टा दिसतो त्याला क्लेव्हस म्हणतात. आपण त्याला सुकाणूपट्टा म्हणू. ही आखूड झालेली शेपूटच असावी की दुसरेच काही, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ वाद होता. जॉन्सन आणि ब्रिट्झ या दोघांनी अगदी लहान पिल्लांपासून पुढच्या अवस्थांपर्यंत हाडांची वाढ पाहिली आणि २००५ मध्ये दाखवून दिले, की हा पट्टा पृष्ठपर (पाठीवरचा पर) आणि गुदपर (पोटाखालचा पर) यांचे मागचे काटे एकमेकांकडे सरकून बनतो आणि खरा पुच्छपर, म्हणजे शेपटीचा पर, यात तयारच होत नाही. म्हणजे मुलाने पाहिले ते अचूक होते. शेपूट कापली गेलेली नाही, ती उगवतच नाही, आणि तिच्या जागी शेजारच्या दोन परांनी मिळून वळण्यापुरते सुकाणू उभे केले आहे.

शेपूट गेली तसा पाठीचा कणाही आखडला. मोला मोला या जातीत साधारण १६ मणके असतात आणि एवढे कमी मणके असलेले मासे फार थोडे आहेत. फासळ्या नाहीत, श्रोणिपर (पोटाजवळच्या परांची जोडी) नाहीत, आणि मेरुरज्जू तर एवढा तोकडा की मेंदूपेक्षाही लांबीने कमी भरतो. सामान्य माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना जे मांस आपण खातो, ते कण्याला धरून शरीर वाकवणारे स्नायू असतात. सनफिशमध्ये ते राहिलेले नाहीत. त्याच्या स्नायूंचा सारा जोर वरच्या उंच पृष्ठपराच्या आणि खालच्या गुदपराच्या बुंध्याशी एकवटला आहे.

हे दोन पर वरखाली समोरासमोर असून घडणीने भिन्न आहेत, पण काम जुळ्या भावंडांसारखे करतात. जपानमधील वातानाबे आणि सातो यांनी सनफिशवर वेगमापक यंत्रे बसवून २००८ मध्ये निष्कर्ष मांडला, की दोन्ही पर एकाच वेळी, एकाच लयीत एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला झुलतात आणि पक्ष्याच्या पंखांप्रमाणे उचल निर्माण करून माशाला पुढे ढकलतात. फरक एवढाच, की पक्ष्याचे पंख आडवे असतात आणि याचे उभे. पेंग्विन कुशीवर वळून पोहतो आहे अशी कल्पना केली तर मुलांना चित्र लगेच कळेल. त्या अभ्यासात वेग सेकंदाला सुमारे ४० ते ७० सेंटिमीटर भरला, जो सहज फिरताना अनेक मोठ्या माशांचा असतो. वाऱ्यावर भरकटणारा मांसाचा गोळा अशी त्याची जुनी ख्याती होती. मला ती नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे. इतर ठिकाणी बसवलेल्या यंत्रांवरून तो प्रवाहाच्या विरुद्धही मैलोन्‌मैल जातो हे स्पष्ट झाले आहे, आणि एवढे जड अंग घेऊन तो पाण्याबाहेर उडीही मारतो.

कुळात सध्या पाच जाती मानल्या जातात आणि त्या तीन प्रजातींत विभागलेल्या आहेत. मोला प्रजातीत तीन जाती आहेत. मोला मोला हिच्या सुकाणूपट्ट्याची कड प्रौढ वयात नागमोडी होते. मोला अलेक्झांड्रिनी हिची कड गोलसर असते आणि म्हातारपणी कपाळावर आणि हनुवटीवर मोठे टेंगूळ येते. तिसरी मोला टेक्टा, आणि तिची गोष्ट संशोधनाची आवड असलेल्या मुलांना जरूर सांगावी. मारियान नायगार्ड या संशोधिकेने सनफिशच्या कातडीच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी केली असता, कोणत्याच ज्ञात जातीशी न जुळणारा एक गट निघाला. प्रत्यक्ष मासा मात्र तिने पाहिलेला नव्हता. काही वर्षे शोध घेतल्यावर न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर तो सापडला आणि २०१७ मध्ये नवी जात म्हणून त्याची नोंद झाली. टेक्टा म्हणजे दडलेली. एवढा अवाढव्य प्राणी लोकांच्या डोळ्यांसमोर असून शतकानुशतके ओळखू आला नव्हता.

दुसरी प्रजाती मास्टुरस. तिच्या सुकाणूपट्ट्याच्या मध्यावर एक टोक बाहेर निघालेले असते, म्हणून चित्रातही ती चटकन ओळखता येते. वेरावळचा माझा मासा याच जातीचा होता. तिसरी रँझानिया, आणि ती कुळातील वेगळीच मुलगी म्हणावी अशी. लांबट, चंदेरी, फार तर मीटरभर वाढणारी आणि इतरांपेक्षा चपळ. तिचे तोंड बंद होताना उभी फट दिसते. हे नाव बोलोन्याचे निसर्गशास्त्रज्ञ कामिल्लो रँझानी यांच्यावरून आले. त्यांनीच १८३९ मध्ये मोला अलेक्झांड्रिनी हे नाव ज्या माशावरून पडले त्याचे वर्णन केले होते, ते पुढे विस्मरणात गेले आणि अलीकडे जपानी अभ्यासकांनी पुन्हा उजेडात आणले.

आकाराचा विषय निघाला की मुले कोणाला विक्रम मिळाला हे विचारतातच. डिसेंबर २०२१ मध्ये अझोर्स बेटांपैकी फायाल बेटाजवळ मोला अलेक्झांड्रिनी जातीचा मृत मासा तरंगताना सापडला. त्याचे वजन २,७४४ किलो भरले, लांबी ३.२५ मीटर आणि दोन्ही परांच्या टोकांपर्यंत उंची ३.५९ मीटर. लांबीपेक्षा उंची जास्त, हे ध्यानात घ्यावे. त्याआधीचा विक्रम जपानमधील कामोगावा येथे १९९६ साली मिळालेल्या २,३०० किलोच्या मादीचा होता. आपल्या सौराष्ट्राच्या समुद्रात येणारा व्हेल शार्क याहून कितीतरी मोठा असतो, पण त्याचा सांगाडा कूर्चेचा असल्याने तो हाडांच्या माशांत मोडत नाही. हाडांच्या माशांत सर्वांत जड सनफिशच.

तो काय खातो, याविषयी पुस्तकांत एकच शब्द असतो, जेलीफिश. हे पूर्ण खरे नाही. लहान वयाचे सनफिश किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात कोळंबीच्या जातीचे प्राणी, छोटे मासे आणि तळावरील इतर जीव खातात, आणि मोठे होताना जेलीफिश व सायफोनोफोर यांसारख्या लिबलिबीत प्राण्यांकडे वळतात. या प्राण्यांत पाण्याचा भाग फार, म्हणून पोट भरण्यासाठी ते पुष्कळ खावे लागतात, आणि ते भरपूर मिळतात ते खालच्या थंड पाण्यात.

इथेच ऊन खाण्याचे कारण कळते. नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सनफिशवर कॅमेरे व तापमापके लावून २०१५ मध्ये दाखवले, की मासा दिवसा १०० ते २०० मीटर खोल जाऊन सायफोनोफोर खातो, अंग गार पडले की वर येतो, उबदार पाण्यात अंग तापवतो आणि पुन्हा खाली जातो. विशेष म्हणजे तापण्याचा त्याचा दर गार होण्याच्या दरापेक्षा ३ ते ७ पट असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे आडवा पडलेला सनफिश आळशी किंवा मरायला टेकलेला नसून दोन जेवणांच्या मध्ये अंगातली ऊब परत मिळवत असतो. थंडीत सयाजीबागेत सकाळी उन्हाला बसणारी मंडळी आळशी नसतात, तसेच हे.

आडवे पडण्याचा दुसरा लाभ अंगाची सफाई हा आहे. सनफिशच्या कातडीवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत मिळून परजीवींच्या चाळीसहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. वेरावळच्या माशाच्या कल्ल्यांची फट, जी छातीच्या पराजवळचे एक छोटेसे छिद्र एवढीच असते, तिच्याभोवती खोबऱ्याच्या किसाएवढे जीव चिकटलेले मी चिमट्याने काढले होते. तो पाण्यावर कुशीवर पडला की सीगल आणि अल्बाट्रॉस पक्षी ते टिपतात, आणि बालीजवळच्या नुसा पेनिदा बेटाच्या खडकांवर छोटे मासे ही सेवा देतात, म्हणून जुलै ते ऑक्टोबर या काळात पाणबुडे हौशी लोक तिथे गर्दी करतात.

अंड्यांचा आकडा आपण ऐकला असेलच. डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी १९२१ मध्ये एका मादीच्या अंडाशयात ३० कोटी अपक्व अंडी असल्याचा अंदाज दिला आणि तेव्हापासून तो जसाच्या तसा पुस्तकांतून फिरतो आहे. एका मादीवरचा तो अंदाज असल्याने ‘दरवेळी एवढी अंडी घालते’ असे मुलांना सांगू नये. अंडी अफाट असतात एवढे मात्र निश्चित. त्यांतून जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे पिल्लू निघते आणि काही दिवसांनी त्याच्या अंगावर चारी दिशांना काटे येऊन ते चांदणीसारखे दिसू लागते. पूर्वी या पिल्लांना निराळा मासा समजून मोलाकँथस हे वेगळे नाव दिले गेले होते. पण शास्त्रज्ञांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्या चांदणीतून जात्याची तळी होईल असे कोणाच्या ध्यानात येणार? केंडाशी असलेले नाते मात्र या काट्यांत उघड दिसते. वाढीचा वेगही थक्क करणारा आहे. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील मत्स्यालयात एक सनफिश पंधरा महिन्यांत २६ किलोवरून ३९९ किलोवर गेला आणि टाकीत मावेना म्हणून त्याला हेलिकॉप्टरने समुद्रात सोडावे लागले. जनुकसंचाच्या अभ्यासातही वाढीच्या संप्रेरकांशी संबंधित जनुकांत वेगाने बदल झाल्याच्या खुणा मिळाल्या.

आता ‘निरुपयोगी आणि मूर्ख’ या आरोपाविषयी. तो जरा दचकला की मरतो, अशी एक दंतकथा फार प्रसिद्ध आहे, तिला आधार नाही. याउलट जपानमधील शिमोनोसेकी येथील मत्स्यालय डिसेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाल्यावर तिथल्या सनफिशने खाणे सोडले. कर्मचाऱ्यांनी टाकीसमोर गणवेश टांगून त्यांवर माणसांच्या चेहऱ्यांची चित्रे लावली, तेव्हा तो पुन्हा खाऊ लागला. एका माशावरून सिद्धान्त मांडू नये हे मी वर्गात नेहमी सांगत आलो, तरी ज्याला समोरची माणसे नाहीशी झाल्याचे जाणवते त्याला मूर्ख म्हणताना जीभ अडखळावी. खरा धोका त्याला माणसाच्या जाळ्यांचा आहे. तलवारमासा आणि कुपा यांच्यासाठी लावलेल्या जाळ्यांत व गळांच्या दोऱ्यांत तो मोठ्या संख्येने अडकतो, आणि २०१५ पासून मोला मोला ही जात धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. युरोपीय संघात या कुळाच्या माशांच्या विक्रीला बंदी आहे, तर तैवान आणि जपानच्या काही भागांत तो खाल्ला जातो.

राहिला सांगाड्याचा प्रश्न. आपल्या संग्रहालयातील निळ्या देवमाशाचा सांगाडा सुमारे २२ मीटर लांब आहे आणि तो मही नदीच्या मुखाशी १९४४ मध्ये वाहून आलेल्या प्राण्याचा आहे. देवमासा सस्तन प्राणी, त्याची हाडे भरीव आणि टणक, म्हणून मांस सडून गेल्यावरही ती टिकली आणि जोडता आली. सनफिश हाडांच्या माशांत मोडत असला तरी त्याच्या सांगाड्याचा बराच भाग कूर्चेसारखा मऊ, पाणी धरणारा असतो. वाळला की तो आक्रसतो, वाकतो आणि मूळ आकार हरवतो, म्हणून संग्रहालये बहुधा त्याची प्रतिकृती बनवतात किंवा द्रावणात ठेवतात. मी वेरावळहून फक्त जबड्याच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या, आणि उन्हात ठेवल्यावर त्यांच्याभोवतीचा सांधा कागदासारखा चुरगळला, पट्ट्या मात्र जशाच्या तशा राहिल्या.

त्या अजून माझ्याकडे आहेत, आणि साळिंदर माशाचा एक जबडाही आहे. पुढच्या आठवड्यात मुलांना आणणार असाल तर दोन्ही शेजारी शेजारी मांडून ठेवीन. जबडा ज्याच्या हातात द्याल त्याला आधी साळिंदराच्या पट्टीच्या आतल्या बाजूने, जिथे शिंपले भरडून दळण्यासाठी खडबडीत फरशी असते, अंगठा फिरवू द्यावा, आणि मग सनफिशच्या पट्टीची पातळ, सुरीसारखी कड दाखवावी. ज्याला शिंपले फोडायचे नाहीत त्याच्या घराण्यातून चोच का गेली नाही, एवढा प्रश्न त्यांना विचारून पाहावा.